अकरा ग्रॅमची गोळी आणि एक हजार अकरा हत्ती : ‘करामोजो’ बेलची गोष्ट

आफ्रिकन हत्तीचा पूर्ण वाढलेला नर पाच-सहा टनांचा असतो. अशा जनावरासमोर उभं राहायचं तर हातात तोफच हवी, असं कुणालाही वाटेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत जाणाऱ्या बहुतेक युरोपियन शिकाऱ्यांनाही तसंच वाटायचं. लंडनचे बंदूकवाले त्यांच्यासाठी सहा-सात किलोच्या दुनळी रायफली बनवायचे. त्यातून सुटणारी एकेक गोळी ३० ते ६० ग्रॅमची असायची.

त्याच काळात एक स्कॉटिश माणूस पूर्व आफ्रिकेत हलकी रायफल खांद्याला लावून फिरत होता. त्याची गोळी होती जेमतेम ११ ग्रॅमची. त्याने आयुष्यात १,०११ हत्ती मारले आणि त्यातले सुमारे ८०० या छोट्या गोळीने.

त्याचं नाव वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल. जगभरचे शिकारी त्याला ‘करामोजो’ बेल म्हणून ओळखतात. मोठ्या आणि धोकादायक जनावरासाठी किती वजनाची गोळी हवी, हा वाद निघाला की आजही त्याचं नाव निघतंच. गंमत म्हणजे वादातल्या दोन्ही बाजू त्याचंच उदाहरण देतात. असं का, ते त्याच्या आयुष्याकडे नीट पाहिलं की कळतं.

शाळेतून पळालेला पोरगा

बेलचा जन्म १८८० साली एडिनबरोजवळच्या एका सधन घरात झाला. सहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले होते. मोठ्या भावांनी त्याला वाढवलं, पण शाळा काही त्याला मानवली नाही. एका शाळेतून पळून जायचं, मग दुसरीतून, असं चाललं. तेराव्या वर्षी तो जहाजावर कामाला लागला. डोक्यात एकच होतं, आफ्रिकेत जाऊन हत्तींची शिकार करायची.

पुढे तो पूर्व आफ्रिकेत पोचला. तेव्हा मोम्बासाहून आत युगांडाच्या दिशेने रेल्वे टाकली जात होती. माणसं आणि जनावरं उचलणाऱ्या सिंहांपासून तिथल्या लोकांचं रक्षण करायचं काम त्याला मिळालं. वय होतं जेमतेम सोळा-सतरा.

तिथून तो थेट उत्तर अमेरिकेला गेला. क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बातमी जगभर पसरली होती. सोन्याने काही हात दिला नाही, म्हणून तो डॉसन शहराला हरणा-सांबरांचं मांस पुरवू लागला. तिथे भागीदाराने त्याला फसवलं. एवढ्यात बोअर युद्ध सुरू झालं आणि कॅनडाच्या घोडदळातून तो दक्षिण आफ्रिकेत लढायला गेला. लढाईत त्याचा घोडा गोळी लागून पडला आणि तो बोअरांच्या हाती सापडला, पण निसटून परत आला.

या युद्धातली एक गोष्ट पुढच्या कहाणीसाठी महत्त्वाची आहे. बोअर शेतकऱ्यांच्या हातात जर्मन बनावटीची ७ मिलिमीटरची माउझर रायफल होती. हलकी, नेमकी आणि लांबवर मारा करणारी. या रायफलीने ब्रिटिश सैन्याला जेरीस आणलं होतं. पुढे हत्तींसाठी बेलने निवडलं ते याच रायफलीचं काडतूस.

करामोजाच्या माळावर

युद्ध संपल्यावर बेल युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा भागात गेला. हा गुराख्यांचा मुलुख, करामोजोंग लोकांचा. हत्ती भरपूर होते आणि त्यांच्यामागे बंदुका फारशा लागलेल्या नव्हत्या. हत्ती कुठे आहेत याची पक्की खबर देणाऱ्याला बेल गाय बक्षीस द्यायचा. गुरांवर जीव असलेल्या त्या लोकांना यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं. मारलेल्या हत्तीचं मांस गावाला मिळायचं आणि हस्तिदंत बेलला. प्याजाले नावाचा करामोजोंग माणूस त्याचा माग काढणारा साथीदार झाला. ‘करामोजो’ हे टोपणनाव बेलला इथूनच चिकटलं.

सुरुवातीला त्याच्याकडे दोन प्रकारच्या रायफली होत्या. एक .४०० ची दुनळी, म्हणजे मोठ्या गोळीची. दुसरी .३०३, म्हणजे आपल्याकडे पोलिसांमुळे ओळखीची झालेली थ्री नॉट थ्री. हे आकडे गोळीची किंवा नळीची साधारण रुंदी इंचात सांगतात. दोन्ही वापरून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की गोळी मेंदूत लागली तर दोन्हींनी हत्ती जागीच कोसळतो. चुकीच्या जागी लागली तर मोठ्या गोळीनेही तो चालत निघून जातो.

मग प्रश्न उरला नेमकेपणाचा. हत्तीचं डोकं प्रचंड असतं, पण मेंदू चार-पाच किलोचाच. तो मागच्या बाजूला, मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडांच्या जाड थरामागे दडलेला असतो. बेलने मेलेल्या हत्तींच्या कवट्या करवतीने उभ्या चिरल्या आणि मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिलं. समोरून, बाजूने, तिरकं अशा प्रत्येक कोनातून गोळी कुठून आत गेली पाहिजे, हे त्याने पाठ करून टाकलं. तिरकं मागून, मानेच्या स्नायूंमधून मेंदूपर्यंत जाणारा नेम आजही ‘बेल शॉट’ म्हणून ओळखला जातो.

वजन किती, त्यापेक्षा वजन कशावर?

आता मुद्द्याचं. ११ ग्रॅमची गोळी हत्तीच्या कवटीतून आरपार कशी जायची?

बंदुकीच्या गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. सोनाराच्या दुकानात जशी गुंज, तसं हे धान्याच्या दाण्यावरून आलेलं जुनं माप आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. बेलची गोळी होती १७३ ग्रेनची. तिच्या तुलनेत त्या काळच्या बड्या गोळ्या अशा होत्या :

- .४५० ची रायफल : ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम
- .५७७ ची रायफल : ७५० ग्रेन, म्हणजे साधारण ४९ ग्रॅम
- .६०० ची रायफल : ९०० ग्रेन, म्हणजे ५८ ग्रॅम

यांच्याही आधीच्या पिढीत, १८७० च्या दशकात, फ्रेडरिक सेलूससारखे शिकारी पाव पौंडाचा, म्हणजे ११३ ग्रॅमचा शिशाचा गोल गोळा वापरायचे. त्या बंदुकीचा दणका इतका जबर असायचा की बार काढणाराच हेलपाटायचा.

पण गोळी किती खोल जाईल, हे नुसत्या वजनावर ठरत नाही. भिंतीत खिळा आणि जाड लाकडी खुंटी एकाच हातोड्याने ठोकून बघा. खिळा आत जातो, खुंटी अडते. कारण खिळ्यामागचा सगळा जोर एका छोट्या टोकावर येतो. गोळीचंही तसंच आहे. तिचं वजन तिच्या रुंदीच्या मानाने किती, हे महत्त्वाचं. यासाठी एक सोपा हिशोब आहे. गोळीचं वजन पौंडात घ्यायचं आणि तिच्या इंचातल्या रुंदीच्या वर्गाने भागायचं. या आकड्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात.

हा हिशोब केला की चित्र बदलतं. बेलच्या १७३ ग्रेनच्या गोळीचा आकडा येतो ०.३१. तिच्या चौपटीहून जड असलेल्या .५७७ च्या गोळीचाही तेवढाच, ०.३१. पाचपट वजनाच्या .६०० च्या गोळीचा ०.३३. आणि तो पाव पौंडाचा गोल गोळा? त्याचा आकडा ०.२३ च्या आसपास, म्हणजे सगळ्यात कमी. दिसायला सगळ्यात भयंकर असलेला गोळा घुसण्याच्या बाबतीत सगळ्यात मागे.

म्हणजे बेलची गोळी हलकी होती, पण तिच्या रुंदीच्या मानाने ती जडच होती. लांब, बारीक, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी.

एकाच रायफलीत दोन गोळ्या

बेलची निवड किती विचारपूर्वक होती, हे आणखी एका गोष्टीवरून दिसतं. लंडनच्या रिग्बी कंपनीने ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाला आपलं नाव दिलं, .२७५ रिग्बी. कंपनीने त्यात बसवली होती १४० ग्रेनची टोकदार गोळी. ती जास्त वेगाने जायची आणि तिची वाट सपाट असायची. डोंगरात लांबवर हरीण मारायला ती उत्तम.

बेलने ती घेतली नाही. त्याच रायफलीत चालणारी जुनी १७३ ग्रेनची, गोल टोकाची आणि पूर्ण धातूच्या कवचाची लष्करी गोळी त्याने पसंत केली. कारण तीन होती.

पहिलं, वजन. १४० ग्रेनच्या गोळीची सेक्शनल डेन्सिटी ०.२५ च भरते. दुसरं, टोक. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला असतं, त्यामुळे मांसात किंवा हाडात शिरल्यावर ती कलंडते आणि वाट सोडते. गोल टोकाची लांब गोळी सरळ जात राहते. तिसरं, कवच. हरणासाठीच्या मऊ गोळीचं टोक आत शिरताच फुलतं आणि मोठी जखम करतं, पण खोल जात नाही. हत्तीच्या कवटीत असं फुलणं म्हणजे गोळी वाया. तिथे गोळीचा आकार शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

त्याआधी बेलने ६.५ मिलिमीटरची मानलिकर रायफल वापरून पाहिली होती. तिची १६० ग्रेनची गोळीही खोल जायची, रायफल तर आणखी हलकी होती. पण मिळणाऱ्या काडतुसांची खात्री नव्हती. चाप ओढल्यावर बार क्षणभर उशिरा निघायचा. हत्ती वीस-तीस पावलांवर असताना हा क्षण जीवावर बेतू शकतो. ७ मिलिमीटरची जर्मन लष्करी काडतुसं मात्र दगा द्यायची नाहीत. शेवटी कागदावरच्या आकड्यांपेक्षा भरवशाचं काडतूस जिंकलं.

हलक्या रायफलीचा आणखी एक फायदा होता. बेलच्या हिशोबाने एका नर हत्तीमागे त्याला सरासरी ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर चालावं लागायचं. वर्षाला बुटांचे २४ जोड झिजायचे. सहा-सात किलोची दुनळी असलेले शिकारी ती नोकराच्या खांद्यावर द्यायचे आणि ऐन वेळी मागून घ्यायचे. बेलची रायफल कायम त्याच्याच हातात असायची. मोकळ्या वेळात तो रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सराव करत राहायचा. दणका कमी असल्याने बार काढताना तो दचकायचा नाही आणि दुसरी गोळी लगेच झाडू शकायचा.

एका दिवशी त्याने नऊ हत्ती मारले. त्या दिवसाच्या हस्तिदंताची किंमत त्याने ८७७ पौंड काढली होती. त्या काळी ही एखाद्याची काही वर्षांची कमाई होती.

मग मोठ्या गोळीवाले चुकत होते का?

इथेच बेलच्या गोष्टीचा अर्धाच भाग सांगून लोक थांबतात. छोटी गोळी पुरते, बाकी सगळा दिखावा, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो धोकादायक आहे.

बेलचा हिशोब गोळी मेंदूत लागणार हे धरून होता. पण ती दोन इंच चुकली तर?

या प्रश्नावर दुसऱ्या एका शिकाऱ्याने बोट ठेवलं. जॉन टेलर हा आयरिश माणूस. त्याचं आफ्रिकन रायफली आणि काडतुसांवरचं पुस्तक १९४८ साली आलं. त्याने वेगळा हिशोब मांडला. गोळीचं वजन, वेग आणि रुंदी यांचा गुणाकार करायचा आणि ७,००० ने भागायचं. त्यातून जनावराला बसणाऱ्या धक्क्याचा अंदाज येतो, असं त्याचं म्हणणं. या हिशोबात बेलच्या गोळीचा आकडा येतो १६ च्या आसपास. .४५० च्या गोळीचा ६८. आणि .६०० चा तब्बल १५५.

घुसण्याची ताकद जवळपास सारखी, धक्का मात्र चौपट ते जवळजवळ दहापट. मोठी गोळी मेंदूच्या जवळून गेली तरी हत्ती भोवळ येऊन खाली बसू शकतो आणि शिकाऱ्याला दुसऱ्या बाराची संधी मिळते. छोटी गोळी तशीच चुकली तर हत्ती पळतो, नाहीतर अंगावर येतो. टेलरचं सूत्र काही भौतिकशास्त्राचा नियम नाही आणि त्यावरही भरपूर वाद झाले. पण चुकीची किंमत किती, हा त्याने विचारलेला प्रश्न खरा होता.

शिवाय बेलची परिस्थितीही वेगळी होती. करामोजाचा बराचसा मुलुख उघडा, झुडपी. हत्ती माणसाला फारसे बुजलेले नव्हते. बेल वारा बघून जवळ जायचा, मनासारखा कोन मिळेपर्यंत थांबायचा आणि नसेल जमत तर सोडून द्यायचा. पुढच्या काळात पिकांची नासधूस करणारे किंवा जखमी होऊन चवताळलेले हत्ती मारण्याचं काम सरकारी शिकाऱ्यांकडे आलं. त्यांना दाट झाडीत, दहा पावलांवरून चालून येणारं जनावर थांबवायचं असायचं. तिथे कोन निवडायची चैन नव्हती. त्यांच्या हातात जड गोळीची रायफल असणं हा दिखावा नव्हता, तो विमा होता.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे बेल स्वतः. उडत्या पक्ष्याला रायफलीने टिपणारा नेमबाज, कवट्या चिरून अभ्यास केलेला, वर्षानुवर्षं रोज हेच काम करणारा. त्याची गोळी कुणालाही विकत घेता येते, त्याचा हात घेता येत नाही.

आपल्याकडे जिम कॉर्बेट सगळ्यांना माहीत आहेत. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच. रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६ साली याच रायफलीने मारला. पण वाघासाठी ते अनेकदा त्याहून बरीच जड, .४५० / .४०० ची दुनळी हातात घ्यायचे. बिबट्याला एक गोळी, वाघाला दुसरी. गोळी आपल्या हौसेवर नाही, समोरच्या जनावरावर आणि जागेवर ठरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ किंवा त्याच्या आसपासची किमान मर्यादा कायद्यानेच घातली आहे. या रायफलीची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची. तिची सेक्शनल डेन्सिटी काढली तर येते ०.३०, जवळपास बेलच्या गोळीएवढीच. टेलरच्या हिशोबाने धक्का मात्र अडीचपट. घुसण्याबद्दल बेल बरोबर होता आणि चुकीची सोय ठेवण्याबद्दल टेलर. कायद्याने जणू दोघांचंही ऐकलं.

विमान, होडी आणि शेवटची वर्षं

करामोजानंतर बेल लाडो एन्क्लेव्हमध्ये गेला. हा प्रदेश बेल्जियमचा राजा लिओपोल्ड वारल्यावर, १९१० च्या सुमारास, काही काळ जवळपास कुणाच्याच ताब्यात नव्हता. कायदाच नाही म्हटल्यावर हस्तिदंताच्या मागे लागलेल्यांची तिथे झुंबड उडाली होती. पुढे तो पश्चिम आफ्रिकेतही फिरला.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर तो वैमानिक झाला. पूर्व आफ्रिकेत आणि मग ग्रीसच्या आघाडीवर त्याने विमान चालवलं आणि मिलिटरी क्रॉस हा शौर्यासाठीचा सन्मान मिळवला. युद्धानंतर पुन्हा काही वर्षं होडीतून नद्यांवाटे आणि नंतर मोटारीने आफ्रिकेच्या आतल्या भागात मोहिमा केल्या. १९२३ साली त्याच्या भटकंतीचं पुस्तक निघालं, दुसरं १९४९ साली.

उतारवयात तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पत्नी केटसोबत राहिला, शिडाच्या बोटीच्या शर्यतींत उतरला, हरणांमागे हिंडला. १९५४ साली हृदयविकाराने त्याचं निधन झालं. इतक्या हत्तींसमोर उभा राहिलेला माणूस शेवटी आपल्या घरीच गेला. त्याच्या उरलेल्या लिखाणाचं पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झालं.

१,०११ या आकड्याची दुसरी बाजू

बेलच्या १,०११ हत्तींपैकी माद्या फक्त २८ होत्या. बाकी सगळे नर, कारण मोठे दात त्यांचेच. ते दात युरोप-अमेरिकेत जाऊन पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू बनले. बेलने हे त्या काळच्या कायद्यात बसवून केलं, पण असं करणारा तो एकटा नव्हता. एकेक करून सगळ्यांनी वेचून काढलेले हे सगळ्यात मोठ्या दातांचे नर पुन्हा तितक्या संख्येने दिसले नाहीत.

१९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. २०१६ च्या अहवालानुसार आफ्रिकेत मोजणी झालेल्या भागांत सुमारे ४ लाख १५ हजार हत्ती उरले होते. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषयच संपला. करामोजा भागात आज किडेपो व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे हत्ती आहेत आणि लोक पैसे भरून त्यांना बघायला जातात.

बेलने कवट्या चिरून मिळवलेलं ज्ञान मात्र अजून उपयोगी पडतं, ते बिथरलेल्या हत्तीसमोर शेवटचा उपाय म्हणून रायफल उचलावी लागणाऱ्या वनरक्षकांना. गोळीचं वजन त्यांनाही निवडावं लागतं. ते बेलसारखा मेंदूचा नेम शिकतात, आणि तो चुकेल हे धरून जड गोळी सोबत घेतात.